मान डोलावली, पण ऐकू काय आलं?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ६१ वर्षांचे, घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर त्यांनी २९ वर्षं काढली. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतून जुनी हौस पुरी केली. अ‍ॅम्प्लिफायर, स्टँडवरचे दोन स्पीकर, टर्नटेबल, डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला लागणारा सिग्नल करणारी डबी), सगळे मिळून पावणेतीन लाख. ठाणे-नवी मुंबईतल्या अशाच पाच हौशी लोकांचा त्यांचा गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकेकाच्या घरी जमायचं, त्याचा सेटअप ऐकायचा आणि जेवणं होईपर्यंत त्यावरच बोलायचं. मागची बैठक वाशीला झाली. यजमानांनी नवी स्पीकर केबल आणली होती. एकच बंदिश आधी जुन्या केबलवर, मग नव्या केबलवर ऐकवली. सगळे थक्क झाले. ऐरोलीचा आयटीतला तरुण म्हणाला, ‘समोरचा पडदाच सरकला!’ आपल्या पत्रलेखकांनीही मान डोलावली, ‘व्होकल एकदम पुढे आले’ असं वर म्हणूनही टाकलं. प्रत्यक्षात त्यांना काडीचाही फरक कळला नव्हता. घरी येऊन रात्रभर चुटपुट लागली, म्हणून त्यांनी तीच केबल विकत घेतली. किंमत ३८,००० रुपये. घरी सांगितली ३,८००. आपल्या हॉलमध्येही फरक ऐकू येईना. आता पुढची बैठक त्यांच्याकडे आहे आणि सगळे ‘तुमच्या स्पीकरवर ती केबल ऐकू’ म्हणून वाट पाहताहेत. ते विचारतात: माझे कान गेले का? गेले असतील तर हे सगळं कशाला घेऊन बसलो? आणि मित्रांना खरं सांगितलं तर माझी त्या गटात काय किंमत राहील? शेवटी ताजा कलम: ‘बायकोचं वेगळंच चालू आहे. टीव्ही फार मोठा लावता म्हणते.’

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानांचं. त्यातली साडेतीन पानं केबलवर आणि टीव्हीवर फक्त एक ओळ. मी उलट्या क्रमाने जाणार आहे. केबल पळून जात नाही.

पॉवर प्रेसपुढे २९ वर्षं. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की ‘कानात कापसाचे बोळे घालायचो’. तेव्हा सगळेच घालायचे. १९६२ साली एमआयडीसीचं काम ज्या वागळे इस्टेटपासून सुरू झालं, तिथल्या शेडमध्ये कानांचा विचार करायला कुणाला सवड होती? पण कापूस आवाज फारसा अडवत नाही. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ-आठ तास राहिलं तर कानाला धोका आहे असं साधारण धरतात, आणि पत्रा कापणारी प्रेस त्याच्या बरीच वर जाते. अशा गोंगाटाने होणारं नुकसान एका ठरावीक जागी सुरू होतं, ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या, बारीक आवाजांत. माणसाला ते वर्षानुवर्षं कळत नाही, कारण शांत खोलीत समोरासमोर बोलणं नीट ऐकू येत असतं. अडतं कुठे? स, श, च, त, थ ही व्यंजनं निसटायला लागतात. बातम्या देणारी बाई पुटपुटते असं वाटतं. चारजण एकदम बोलायला लागले की गोंधळ होतो. स्वयंपाकघरातून आलेला ‘साखर’ हा शब्द ‘भाकर’ होऊन पोचतो. मग आपण रिमोट उचलतो.

म्हणजे वहिनी कुरकुर करत नाहीयेत. घरात बसून त्यांनी तुमची पहिली तपासणी केली आहे आणि निकालही सांगितला आहे.

तेव्हा बैठकीच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ते आधी कानात मळ साचला आहे का ते बघतील. अर्धी भीती तिथेच उतरण्याची शक्यता असते. (इअरबडने मळ आत ढकलू नका, हे सांगूनही लोक ऐकत नाहीत. मीही ऐकत नव्हते.) मग ऑडिओग्राम. आवाज येणार नाही अशा छोट्या केबिनमध्ये बसवतात, हेडफोन लावतात, बारीकशी पिप् ऐकू आली की बटण दाबायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. हातात आलेख येतो: २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक पायरीवर तुमचा कान किती हळू आवाज पकडतो त्याचा. साधारण २५ डेसिबलपर्यंतची रेघ ठीक मानतात. ४,००० पाशी खड्डा असेल तर प्रेसने वसुली केली आहे एवढाच त्याचा अर्थ. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट: एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उशीर महागात पडतो.

आता तुमची भीती. समजा खड्डा निघालाच. मग पावणेतीन लाख पाण्यात गेले का?

जरा हिशोब करू. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या तंबोऱ्याची खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार त्याच्या निम्म्यावर, सत्तरच्या जवळ. पियानोची अगदी शेवटची पट्टी वाजवली तरी ४,१८६. म्हणजे ज्या सुरांवर गाणं उभं आहे ते सगळे तुमच्या खड्ड्याच्या अलीकडे आहेत. यमन यमनच राहतो, भीमपलासातला कोमल निषाद तिथेच असतो, समेवर तुमची मान आपोआप पडते. जातं ते वरचं: टाळांची किणकिण, तबल्याच्या चाटेवरची (कडेवरची) धार, तंबोऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारेच्या त्या झणझणत्या गुंजनाची, सगळ्यात वरची झिलई. ते थोडं थोडं सगळ्यांचंच वयाबरोबर जातं. पन्नाशी-साठीत बहुतेकांना १२,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही ऐकू येत नाही. प्रेसवर काम केलेलं नसलं तरी. महागड्या उपकरणांचा छंद परवडायला लागतो तोवर कान एवढे उरलेले असतात. त्यावर रडावं की हसावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या अ‍ॅम्पला ट्रेबलचा (वरच्या सुरांचा) नॉब असेल तर बिनधास्त वाढवा. तुमच्या मंडळींत टोन कंट्रोलला हात लावणं म्हणजे पाप, हे मला ठाऊक आहे. ज्याला चष्मा लागला आहे त्याने चष्मा न लावता पुस्तक वाचणं हे काही पुण्य नव्हे. फक्त उणीव भरून काढायला एकूण आवाज वाढवू नका, उरलेलं तेवढं तरी सांभाळा. श्रवणयंत्र सुचवलं गेलं तर ऑडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगा की मी रोज दोन तास गाणं ऐकतो. ही यंत्रं मुळात बोलणं समजावं म्हणून जुळवलेली असतात, त्यातून तंबोरा विचित्र वाटू शकतो. गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम घालून मिळतो, पण तो मागावा लागतो. आणि मेंदूला सवय व्हायला काही आठवडे द्यावे लागतात.

आता केबल.

‘सगळ्यांना ऐकू आलं, मला नाही’ असं तुम्ही तीनदा लिहिलं आहे. सगळ्यांना ऐकू आलं हे तुम्हाला कशावरून कळलं? त्यांनी माना डोलावल्या यावरून. मान तर तुम्हीही डोलावलीत! तुमच्याकडे बघून खारघरच्या मित्रांना वाटलं असेल, यांना आलं, मलाच नाही. त्यांनी ‘क्या बात है’ म्हटलं असेल. मैफलीत दाद अशीच पसरते. पहिल्या रांगेतल्या जाणकाराने हात उचलला की मागच्या तीन रांगा हलतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना ती जागा निघून गेल्यावर कळते. यात लबाडी नसते. सोबत ऐकण्याचा तो भाग आहे.

तरी सगळंच भ्रम म्हणून उडवून लावायचं मला पटत नाही, त्याला कारण आहे. लहानपणी मी गाणं शिकायला जायचे. बाई तंबोरा लावायच्या, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवायच्या आणि विचारायच्या, ‘आता खुलली ना?’ मी मान हलवायचे. तीन महिने नुसती मान हलवली, कारण नाही म्हणायची छाती नव्हती. एका संध्याकाळी दोरा सरकला आणि त्या तारेतून सूर असा काही सांडला की मी दचकले. फरक पहिल्या दिवसापासून होता, माझा कान तयार नव्हता. तेव्हा ‘मला ऐकू येत नाही म्हणजे नाहीच’ असंही म्हणू नका. पण जवारीतला आणि केबलमधला फरक सांगते. जवारीसाठी मला डोळे मिटून बसवलं असतं तरी मी दहा वेळा दहाही बरोबर सांगितलं असतं. तुमच्या केबलची तशी परीक्षा कुणी घेतली आहे का?

तुम्ही कारखान्यातले आहात, आकड्यांना घाबरणार नाही. अ‍ॅम्पपासून स्पीकर तीन मीटरवर धरू. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. पॉवर पॉइंटला इलेक्ट्रिशियन वापरतो त्या जाडीची, अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर तिचा रेझिस्टन्स ०.०४ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. त्यामुळे आवाजात पडणारी घट साधारण ०.०४ डेसिबल. गाणं ऐकताना अर्ध्या डेसिबलच्या आतला फरक सावध माणसालाही सहसा कळत नाही. चांगली मल्टिस्ट्रँड वायर, टोकं नीट सोललेली, स्क्रू घट्ट, एवढ्यावर तीन मीटरच्या घरगुती जोडणीत फारसं काही उरत नाही. मग वाशीला पडदा कसा सरकला? मला एकच शंका आहे. केबल बदलायला अ‍ॅम्प बंद करावा लागला असेल. परत चालू केल्यावर आवाज नेमका पहिल्याच जागी होता का? जरासा मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. डॅकच्या तुलनेत तर हे नेहमी घडतं. एकातून २ व्होल्ट निघतात, दुसऱ्यातून २.२, आणि दुसरा पाऊण डेसिबलहून थोडा जास्त मोठा वाजतो. लगेच दुसरा डॅक ‘जिवंत’ ठरतो.

घरी करून बघा. अ‍ॅम्पच्या मागे चादर धरा. एक माणूस चादरीमागे, एक खुर्चीत. मागचा माणूस नाणं उडवून ठरवणार कुठली केबल लावायची, दर वेळी अ‍ॅम्प बंद करणार, आणि केबल तीच ठेवायची असली तरी काढून परत लावणार, म्हणजे आवाजावरून सुगावा लागणार नाही. व्हॉल्यूमच्या नॉबला खडूची खूण करा. गाण्याचा तोच अर्धा मिनिट. असं दहा वेळा, उत्तरं कागदावर. पाच-सहा बरोबर आली तर तो छापा-काटा झाला. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, म्हणून नऊ आली तर मी माझे शब्द मागे घेईन आणि तुम्ही केबल ठेवा.

मित्रांचं काय करायचं? तीन वाटा दिसतात. पहिली, गप्प बसायचं आणि रविवारी पुन्हा मान डोलवायची. ती सर्वांत सोपी, पण तिचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो, आणि तुम्ही पहिलाच हप्ता ३८,००० चा भरला आहे. दुसरी, सगळ्यांसमोर चादर टांगून वाशीच्या मित्रांना खुर्चीत बसवायचं. ही तुम्हाला मोहात पाडेल. नका करू. त्यांनी आपल्या घरी पोहे-चहा करून हौसेने काही दाखवलं होतं, त्यांना चारचौघांत परीक्षेला बसवण्यासारखा गुन्हा त्यांच्या हातून झालेला नाही. तिसरी, बैठकीच्या चार दिवस आधी त्यांना फोन. एवढंच म्हणा, ‘त्या दिवशी मी वा म्हटलं, पण खरं सांगू का, मला फरक कळला नव्हता. कान तपासून घेतोय. तुम्ही एकदा माझ्याकडे येऊन आपण दोघंच ऐकू या का?’ यात त्यांच्या केबलवर शेरा नाही, तुमच्या कानाबद्दलची बातमी आहे. माझा अंदाज असा की पलीकडे क्षणभर शांतता होईल आणि मग ते म्हणतील, ‘मलाही हल्ली जरा...’ तुमच्या गटातले चार जण पन्नाशीच्या पुढचे आहेत. ही बातमी देणारा पहिला कुणीतरी हवाच आहे. ते चिडलेच, तर ट्रान्सहार्बर लोकलची वाशीपर्यंतची फेरी वाचली.

आपल्याकडे कानसेन म्हणतात तो कोण, हेही एकदा आठवा. रागाची छाया दोन सुरांत ओळखणारा, निसटलेली मात्रा पकडणारा, गायकाला कुठे दम लागला ते जाणणारा. तार कुठल्या कंपनीची हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या पत्रात एका जागी तुम्ही लिहिलं आहे की वाशीला ती बंदिश सुरू असताना दुसऱ्या आवर्तनात तबला किंचित मागे राहिला. बाकी चौघांपैकी कुणी त्याचा उल्लेख केला होता का?

राहिली तुमच्या घरची बैठक. दाखवायला काही नाही म्हणता. आहे की! तुमचा हॉल सोळा बाय दहा, स्पीकर एका आखूड भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला चिकटलेला. सोळा फुटांच्या लांबीत साधारण सत्तर हर्ट्झची लाट नेमकी बसते, आणि खरजाची तार तिथेच बोलते. अशी लाट भिंतीपाशी फुगते आणि भिंतीपासून लांबीच्या पाव अंतरावर, म्हणजे चार फुटांवर, जवळजवळ विरते. सोफ्यावर बसणाऱ्याला तंबोरा ढोलासारखा घुमताना ऐकू येत असणार. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची घ्या, तंबोरा लावून ठेवा आणि भिंतीपासून एकेक फूट पुढे सरकत बसा. दोन-अडीच फुटांवर घुमारा उतरेल, चौथ्या फुटावर खरज हरवल्यासारखा वाटेल. या दोन्हींच्या मध्ये तुमची जागा सापडेल. हा फरक सत्तर हर्ट्झचा आहे, तो ऐकायला ४,००० लागत नाही. तुम्हाला ऐकू येईल, ऐरोलीच्या मुलाला येईल, चहा घेऊन आलेल्या माणसालाही येईल.

जोडीला आणखी दोन गोष्टी करा. नव्या टॉवरांतले हॉल म्हणजे गुळगुळीत टाइल्स, काचेचं सरकतं दार आणि उघड्या भिंती. टाळी वाजवून बघा, चुरचुरीत पडसाद येतो. स्पीकर आणि ऐकणारा यांच्यामध्ये जमिनीवर जाडसर सतरंजी टाका, काचेवर जाड पडदा ओढा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर फारच छान. पुन्हा टाळी वाजवा. आणि स्पीकरचा ट्विटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा वरचा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा. तुमच्यासारख्या कानाला त्याचा जास्तच उपयोग आहे, कारण वरचे सूर सरळ रेषेत येतात, खाली-वर बसलं की कमी पोचतात. याला खर्च शून्य, आणि रविवारी सगळ्यांना खुर्ची सरकवत बसायला मजा येईल. दहाच्या आत आटोपा मात्र. रात्री दहा ते सहा रहिवासी भागात नियमाने मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि खरज भिंतीतून शेजाऱ्याकडे सगळ्यात आधी जातो.

तिशीतले वाचक हे वाचून ‘काकांचा प्रश्न’ म्हणत असतील तर त्यांच्यासाठी: प्रौढ माणसासाठी जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढी मुभा देते. आवाज वाढला की तास झपाट्याने घटतात. लोकलच्या खडखडाटावर मात करायला कानात खुपसलेले इअरफोन तुम्ही किती ठेवता ते फोनमध्ये बघता येतं. तुमची पॉवर प्रेस खिशात आहे.

केबलबद्दल शेवटचं. दुकानदार परत घेईल का ते याच आठवड्यात विचारा. घेत नसेल तर गटातच विका, थोडा तोटा सोसा. चादरीची परीक्षा होईपर्यंत मात्र खोकं जपून ठेवा. ती परीक्षा एकट्याने होत नाही, चादरीमागे कुणीतरी लागतं. ते काम वहिनीच करणार. म्हणून त्यांना बोलावण्याआधी ते शून्य तुम्ही स्वतःच सांगून टाका. खोक्यावर एमआरपी छापलेली असते.